मोठी मुले, सुट्टी आणि किरकोळ दुखापती

तान्ह्या मुलाच्या संगोपनाविषयी आपल्याकडे बोलणारे पुष्कळ. दात केव्हा येतात, बाळगुटी द्यावी की नाही, पाय केव्हा फुटतात, हे घरोघरच्या आजीला तोंडपाठ असते. परंतु मूल अकरा-बारा वर्षांचे झाले, की ते 'मोठे झाले' असे समजून त्याच्याविषयीचे सगळे बोलणे परीक्षेतील गुणांवर येऊन थांबते. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना शिकवण्यात आमची वीस वर्षे गेली, आणि आमच्या घरातही ह्याच वयाची मुले वावरतात. ह्या दोन्ही बाजूंच्या अनुभवावरून आमचे मत असे झाले आहे, की घराची खरी कसोटी लागते ती ह्या वयात. आणि तीही शाळा चालू असताना नव्हे, तर सुट्टीत.

शाळेच्या दिवसांत मुलाचा दिवस घंटेने बांधलेला असतो. मे महिना लागला की घंटा थांबते. इंदुरात पारा चाळिशी ओलांडतो. मग पहाटे मैदान, दुपारी घरात सक्तीची कैद, संध्याकाळी सायकली आणि रात्री गच्ची, असा मुलांचा क्रम ठरून जातो. माळव्यातील रात्रीची थंड हवा प्रसिद्धच आहे. 'शब-ए-मालवा' हा शब्द त्यातूनच रूढ झाला. पूर्वी सारे कुटुंब गच्चीवर अंथरुणे टाकी. कूलर आणि एसी आल्यापासून मोठी माणसे खाली राहिली, पण मुलांची गच्ची काही सुटली नाही. पावसाळा आला की धबधबे, दिवाळीत फटाके, संक्रांतीच्या सुमारास पतंग. प्रत्येक ऋतूला त्याची त्याची दुखापत जणू नेमून दिलेली असते.

लहान मूल पडले तर रडत आईकडे धावते. मोठ्या मुलाचे तसे नसते. ते पडले की आधी कोणी पाहिले काय हे पाहते, मग उठते, वाटेतल्या नळावर रक्त धुते, बाही खाली ओढते आणि काहीच न घडल्यासारखे घरात शिरते. ह्याचे कारण शोधायला मानसशास्त्राचे मोठे ग्रंथ उघडण्याची जरूर नाही. घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जाईल हे त्याला पक्के ठाऊक असते. "कुठे लागले?" हा प्रश्न नव्हे, तर "तिथे कशाला गेला होतास?" हा. ज्या घरात चौकशी आधी आणि मलमपट्टी नंतर होते, त्या घरातील मुले दुखापती लपवू लागतात. दुखापत किरकोळ आहे की नाही हे मग आई ठरवीत नाही, डॉक्टर ठरवीत नाही. तेरा-चौदा वर्षांचा पोरगाच ते ठरवून मोकळा होतो.

आमच्या एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. नववीची परीक्षा संपली होती. ज्या गल्लीत जाऊ नये अशी त्याला घरून ताकीद होती, त्याच गल्लीत तो क्रिकेट खेळायला गेला आणि चेंडू आणताना एका पिल्लाने त्याच्या पोटरीला दात लावले. जखम म्हणजे दोन लहान ओरखडे. त्याने फुल पँट घालायला सुरुवात केली आणि चार दिवस कोणाला पत्ता लागू दिला नाही. पाचव्या दिवशी धाकट्या बहिणीने अम्मीजवळ चुगली केली. आम्ही ह्या चुगलीला शाबासकी देतो. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेले, लशीचा पहिला डोस मिळाला, पुढचे सगळे डोस तारखेला घेतले गेले, आणि आज तो मुलगा कॉलेजात आहे.

ह्या गोष्टीचा दुसरा शेवटही होऊ शकतो, आणि तो आपल्या देशात दरवर्षी होतो. कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज हा रोग एकदा लक्षणे दिसू लागली की जवळजवळ निश्चित मृत्यूचा असतो. चावा आणि लक्षणे ह्यांमध्ये बहुधा दोन-तीन महिने जातात. कधी आठवडाभर, तर कधी वर्षही जाते. म्हणूनच मूल निर्धास्त राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे भारतात नोंदल्या जाणाऱ्या रेबीजच्या रुग्णांत व मृत्यूंत ३० ते ६० टक्के पंधरा वर्षांच्या आतील मुले असतात, आणि ह्याचे कारण ती संघटना असे देते, की मुलांना झालेले चावे पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि मुले ते सांगत नाहीत. न सांगण्याने इतका घात करणारा दुसरा रोग आम्हांस तरी ठाऊक नाही.

वस्तुतः ह्याचा उपाय फार जुना आहे. १८८५ च्या जुलै महिन्यात अल्सेस प्रांतातील जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने चावे घेतले. त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चरकडे गेली. पाश्चरने माणसावर लस वापरली त्यातील हे गाजलेले पहिले उदाहरण, मुलगा वाचला. आपल्याकडे १९०० साली कसौलीला पाश्चर संस्था निघाली. आज लस सरकारी रुग्णालयात मिळते आणि पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत नाहीत. ती दंडात दिली जाते. चावा असो, ओरखडा असो, की जखमेवर लागलेली लाळ असो, ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. पंधरा मिनिटे म्हणजे घड्याळाची, अंदाजाची नव्हे. तिखट, चुना, हळद, तेल ह्यांतील काही लावू नये. मग त्याच दिवशी दवाखाना. दिवस उलटून गेले असतील तरीही जावे. आता उशीर झाला म्हणून लस टाळणे हे तर सर्वांत वाईट. जखम खोल असेल तर लशीबरोबर जखमेत भरावयाचे आणखी एक औषधही लागते, ते डॉक्टरांना विचारावे.

तेव्हा मोठ्या मुलांच्या घरात एक करार असावा असे आम्ही सुचवितो. लागले, चावले, भाजले, पडलो, हे जो त्याच दिवशी सांगेल त्याला त्या दिवशी रागे भरावयाचे नाही. 'तिथे कशाला गेलास' ही चौकशी दुसऱ्या दिवशी. काही वडील आम्हांस म्हणतात, "मास्तर, अशाने मुले शेफारतील." आमचे उत्तर असे, की चौकशी रद्द केलेली नाही, एक दिवस पुढे ढकलली आहे. दुसऱ्या दिवशी जरूर विचारा, शिक्षाही करा. मात्र शिक्षा मना केलेल्या ठिकाणी जाण्याबद्दल असावी, सांगण्याबद्दल नसावी. मुलाला हा फरक नीट कळतो. गिजुभाई बधेका ह्यांनी पालकांसाठी जे लिहिले, आणि आपल्या इंदूरचे काशिनाथ त्रिवेदी ह्यांनी जे कष्टाने हिंदीत आणले, त्याचा रोखही मुलाच्या मनातील भीती काढण्याकडेच होता.

आता सहलींकडे वळू. आपल्याकडे सहलीच्या जागांची ददात नाही. पातालपानी, चोरल, जानापावचा डोंगर, मांडू, महेश्वर, ओंकारेश्वर. सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघावे आणि रात्री घरी यावे. महूच्या बाजूचा जुना मीटरगेज मार्ग तर २०१८ सालापासून वारसागाडीमुळे पुन्हा गाजू लागला आहे. पातालपानी ते कालाकुंड हा घाट मुलांनी एकदा तरी गाडीच्या खिडकीतून पाहावा. तथापि चौदा-पंधरा वर्षांचे मूल आईबापांबरोबर सहलीला यायला नाखूश असते. त्याला मित्रांबरोबर जायचे असते. ह्यात आईबापांनी अपमान मानण्याचे कारण नाही. पण मित्रांबरोबर जाणे आणि एकट्याने जाणे ह्यांत एक फरक आहे, तो मात्र लक्षात घेतला पाहिजे.

अमेरिकेतील लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर ह्या दोन संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरनिराळ्या वयाच्या लोकांना मोटार चालवण्याचा एक संगणकी खेळ दिला. दिवा पिवळा झाल्यावर थांबायचे की दामटायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. मित्र शेजारी बसून पाहत असले की तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांचे धाडस एकदम वाढले. प्रौढांच्या वागण्यात तसा फरक पडला नाही. आमच्यासारख्या मास्तरांना हे प्रयोगाशिवायही ठाऊक होते. एकेकटा शहाणा असलेला पोरगा पाचांत मिसळला की निराळाच होतो. आता तर खिशात कॅमेरा असतो, म्हणजे न आलेले पन्नास मित्रही जणू काठावर उभे राहून पाहत असतात. म्हणून "तू शहाणा आहेस, काळजी घे" एवढे सांगून भागत नाही. कोठपर्यंत जायचे आणि कोठून परतायचे ही रेघ घरीच, नाव घेऊन, आखून द्यावी लागते.

पातालपानीचेच उदाहरण घ्या. चोरल नदीचा हा सुमारे ३०० फुटांचा धबधबा. २०११ च्या जुलै महिन्यात तेथे सहलीला आलेले पाच जण कड्याच्या वर, प्रवाहातील खडकांवर होते. बघता बघता पाणी वाढले आणि पाचही जण वाहून गेले; दोघे वाचले, तिघे बुडाले. त्याचे चित्रण पुढे देशभर पाहिले गेले. पाहणाऱ्याला प्रश्न पडतो, की ही माणसे वेळीच बाहेर का आली नाहीत? उत्तर असे, की पाऊस आपल्या डोक्यावर पडत नसला तरी नदीच्या वरच्या अंगाला पडत असतो, आणि ते पाणी येऊन पोहोचेपर्यंत इथे ऊन असू शकते. घोट्याएवढे पाणी कमरेएवढे व्हायला काही क्षण पुरतात, आणि वाहते पाणी गुडघ्याला लागले की धडधाकट माणसाचेही पाय सुटतात. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात काटक्या-पाने येऊ लागली, वरून आवाज वाढला, की चपला आणि डबे तसेच टाकून काठ गाठावा. पावसाळ्यात प्रवाहाच्या मधल्या खडकावर बसून फराळ करायचा नाही, ही ती रेघ.

महेश्वरला गोष्ट वेगळी. अहिल्याबाईंच्या घाटावरून नर्मदा शांत दिसते, पायऱ्या पाण्यात उतरत जातात आणि कोठे संपतात ते वरून कळत नाही, शेवाळही असते. तेथे पोहता येणाऱ्या मुलानेही वडीलधाऱ्यांच्या नजरेतच राहावे. पोहायला मात्र सर्व मुलामुलींनी शिकावे, आणि ते तलावात, शिक्षकाजवळ. 'श्यामची आई' वाचलेल्यांना आठवत असेल, की पाण्याला भिऊन लपून बसलेल्या श्यामला त्याच्या आईने मार देऊन पोहायला धाडले होते. माराचे समर्थन आम्ही करणार नाही, पण त्या माउलीचा हट्ट योग्य होता. मांडूविषयी एकच सूचना: जहाज महाल आणि रूपमतीचा मंडप ह्यांच्या गच्च्यांवर पाठमोरे चालत फोटो काढू नये.

आता ज्यांना आपण खरोखर किरकोळ म्हणतो त्या दुखापती. त्यांत पहिला मान मुरगळण्याचा. पाय मुरगळला की आपल्याकडे दोन सल्ले ताबडतोब मिळतात. पहिला, गरम तेलाने चोळा. दुसरा, अमक्या आखाड्यातल्या पैलवानाकडे न्या, तो एका झटक्यात बसवून देतो. इंदूर हे आखाड्यांचे शहर आहे आणि पैलवानांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु वाढत्या वयाच्या मुलाचे हाड मोठ्या माणसाच्या हाडासारखे नसते, ही गोष्ट ह्या सल्ल्यांत विसरली जाते.

मुलांच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक थर असतो. हाडाची लांबी तिथे वाढते. मुलींत साधारण तेरा ते पंधरा आणि मुलांत पंधरा ते सतरा वर्षांच्या सुमारास हा थर हाडात रूपांतरित होऊन मिटतो. तोपर्यंत तो आजूबाजूच्या स्नायुबंधांहूनही नाजूक असतो. त्यामुळे ज्या हिसक्याने मोठ्या माणसाचा नुसता स्नायुबंध ताणला जातो, त्याच हिसक्याने बारा वर्षांच्या मुलाचा हा वाढीचा थर दुखावू शकतो. वरून दिसायला दोन्ही सारखेच: सूज आणि वेदना. त्यावर झटका दिला किंवा रगडून चोळले, तर सरकलेला थर आणखी सरकतो. पुढे ते हाड वाकडे वाढले किंवा एक पाय किंचित आखूड राहिला, तर तो दोष वर्षा-दोन वर्षांनी दिसतो आणि तेव्हा त्या मुरगळीची कोणाला आठवणही नसते. मनगटाचेही असेच. सायकलीवरून पडताना मूल हात टेकते आणि सारा भार मनगटावर येतो.

मग करावे काय? पाय किंवा हात उंच ठेवावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ एका वेळी पंधरा-वीस मिनिटे लावावा, क्रेप बँडेज बेताचे घट्ट बांधावे आणि विश्रांती द्यावी. पहिले दोन दिवस शेकू नये, चोळू नये. मुलाला त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच बोट दाबले असता ते कळवळत असेल, तर एक्स-रे काढावा. कॅनडातील ओटावा शहराच्या डॉक्टरांनी १९९२ साली ह्याच धर्तीचे नियम घालून दिले आणि ते आता जगभर वापरले जातात. मुलगा आठ दिवसांनीही लंगडत असेल, तर चार पावलांचा नियम न पाहता डॉक्टरांकडे जावे.

डोक्याच्या माराविषयी थोडे अधिक सांगावयास हवे, कारण हे क्रिकेटचे गाव आहे. सी. के. नायडू आणि मुश्ताक अली ज्या होळकर संघात खेळले, त्याने १९४५-४६ ते १९५२-५३ ह्या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्यांच्या वेळी शिरस्त्राण नव्हते, ह्याचा दाखला देऊन आमचे विद्यार्थी हेल्मेट घालायचे टाळतात. त्यांना आम्ही दोन नावे सांगतो. १९६२ साली बार्बाडोसमध्ये भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर ह्यांच्या डोक्याला चेंडू लागून कवटी फुटली. शस्त्रक्रिया झाली, प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल ह्यांनी रक्त दिले, प्राण वाचले, पण कॉन्ट्रॅक्टर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. दुसरे नाव रमण लांबा. १९९८ च्या फेब्रुवारीत ढाक्याला फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या कपाळाजवळ चेंडू बसला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेले. तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला.

स्वतःच्या पायांनी चालत गेले, हेच पालकांनी ध्यानात ठेवावे. कवटीच्या आत रक्त साचू लागले तर माणूस काही वेळ ठीक बोलतो, चालतो, आणि नंतर बिघडतो. नुसते टेंगूळ आले आणि मूल हसत-खेळत असेल तर घाबरू नये. परंतु क्षणभर जरी शुद्ध हरपली, एकापेक्षा अधिक वेळा उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, मूल पेंगू लागले, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारू लागले, एक बाहुली दुसरीहून मोठी दिसली, किंवा नाका-कानातून पाण्यासारखे अथवा रक्त आले, तर रात्रीचे बारा वाजले असले तरी रुग्णालय गाठावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या प्रत्येक मुलाला पाठ असावा. आणि डोक्याला मार लागलेल्या मुलाने त्या दिवशी पुन्हा खेळात उतरू नये, संघ हरत असला तरी.

चेंडू तोंडावर बसला तर एखादे वेळी आख्खा दात निघून पडतो. बाराव्या वर्षानंतर बहुतेक दात कायमचे असतात आणि असा दात पुन्हा बसू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. मळला असेल तर क्षणभर पाण्याखाली धरावा. जमल्यास तिथल्या तिथे त्याच्या जागी बसवावा; न जमल्यास दुधाच्या पेल्यात टाकून तासाच्या आत दंतवैद्याकडे जावे. कागदात गुंडाळून आणलेला दात वाळतो आणि कामाचा राहत नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे मुलांचा घोळणा फुटतो. डोके मागे करून झोपवण्याची जी पद्धत आहे ती सोडून द्यावी, कारण रक्त घशात उतरते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे आणि नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटे सतत दाबून धरावा. मध्ये सोडून पाहण्याचा मोह टाळावा.

भाजण्याचे प्रकार सुट्टीत वाढतात, कारण सुट्टीत मुले स्वयंपाकघरात शिरतात. ती शिरावीतच. मुलींइतकेच मुलांनीही चूल-शेगडी सांभाळायला शिकावे असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आमच्या घरी ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचे दूध थोरला मुलगा आटवतो आणि एक-दोन चटके दरवर्षी खातो. चटका बसला की हात ताबडतोब नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर नकोच. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढावी. फोड फोडू नये. भाजलेली जागा हाताच्या तळव्याहून मोठी असेल, किंवा चेहऱ्यावर, सांध्यावर असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

मांजाने कापलेल्या बोटांचे काय सांगावे! साधा सुती मांजा बोट कापतो. नायलॉनचा मांजा गळा कापतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो छुप्या रीतीने विकला जातो. मुलाच्या फिरकीवर कोणता दोर आहे हे वडिलांनी स्वतः हातात घेऊन पाहावे. ताणूनही न तुटणारा, गुळगुळीत दोर असेल तर तो जाळीतही बसू नये, कापून बंद पुडीत कचऱ्यात द्यावा. कापलेली जागा साबण-पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे दाबून धरली, तर बहुतेक रक्त थांबते. त्यावर चहाची भुकटी वा राख भरू नये.

इंदूरची पुष्कळ मराठी घरे सुट्टीत कोकणात, देशावर आपापल्या गावी जातात. शहरातली मुले तेथे अनवाणी हिंडतात, लाकडाच्या ढिगात हात घालतात. कोकणातील लाल विंचू एके काळी मुलांचा कर्दनकाळ होता. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी तेथे राहून, रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून ह्या विषाचा अभ्यास केला आणि प्राझोसिन नावाचे रक्तदाबावरचे औषध त्यावर लागू पडते हे १९८० च्या दशकात जगापुढे मांडले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने त्यांचे काम छापले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषध आहे, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे. विंचू चावलेल्या मुलाला घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले, तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. सापाचेही तेच. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप. चाव्याच्या वर दोरी आवळू नये, जखम कापू नये, चोखू नये. चावलेला अवयव न हलवता, मुलाला चालू न देता वाहनातून न्यावे. साप मारून बरोबर नेण्याची जरूर नाही.

प्रवासात उलट्या-जुलाब झाले तर क्षारसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, कालवावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी ह्याच साध्या पाण्याने हजारोंचे प्राण वाचवले. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. उन्हातून आलेल्या मुलाला कैरीचे पन्हे द्यावे हे आजीला विचारूनही कळेल. पण अंग तापून कोरडे पडले आणि मूल बरळू लागले तर पन्ह्याची वेळ गेली, असे समजावे. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतीत, वारा घालीत दवाखान्यात न्यावे. मोठ्या मुलींना प्रवासात मासिक पाळीची अडचण येते आणि संकोचाने त्या दिवसभर पाणी पिणेच टाळतात. आईने हे निघण्याच्या आधीच विचारून घ्यावे आणि वाटेत थांबण्याच्या जागा त्याप्रमाणे ठराव्यात. वडिलांनी "पुन्हा कशाला थांबायचे" असे म्हणू नये.

एका बाबतीत मात्र आमचा करार लागू नाही. दहावीची परीक्षा झाली की मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देण्याची रीत पडली आहे. दूध आणायला, शिकवणीला, एवढ्यासाठीच म्हणून. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सी. सी. पर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचा. घरोघरी उभ्या असलेल्या पेट्रोलच्या स्कूटरी त्याहून मोठ्या असतात आणि त्यांना अठरा वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. येथे दुसऱ्या दिवसाची चौकशी मुलाची नसून वडिलांची व्हायची आहे.

शेवटी औषधांच्या पेटीविषयी. पेटी असते बहुतेक घरी, पण ती कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि तिच्यात मुदत संपलेल्या गोळ्या. ती घरातल्या थोरल्या मुलाच्या किंवा मुलीच्या ताब्यात द्यावी. साबणाची वडी, निर्जंतुक पट्ट्या, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, बोथट टोकाची कात्री, चिमटा, थर्मामीटर, क्षारसंजीवनीची पाकिटे आणि पॅरासिटामॉल एवढे पुरे. ॲस्पिरिन सोळा वर्षांच्या आतील मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. ज्याच्या हाती पेटी असते त्याच्याजवळ धाकटी भावंडे आपण होऊन जातात. वडिलांपाशी जी जखम दाखवत नाहीत ती ताईला दाखवतात. त्याच पेटीत प्रत्येक मुलाच्या लसीकरणाचे कार्ड ठेवावे. धनुर्वात आणि घटसर्प ह्यांची जोडलस आपल्या सरकारी वेळापत्रकात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी आहे, आणि ह्या दोन सुया घ्यायच्या राहून जाण्याचेच प्रमाण अधिक दिसते, कारण तोवर मुले मोठी झालेली असतात. सुट्टी लागण्यापूर्वीच्या रविवारी ती कार्डे काढून पाहावीत.